जगाचा प्रश्न कॅम्पसवर मांडताना: नव्याने उतरणाऱ्यांसाठी कामाचा क्रम

दूरच्या देशात युद्ध पेटतं किंवा एखादं सरकार आपल्याच नागरिकांवर बळ वापरतं, आणि दोन दिवसांत कॅम्पसवर कुणीतरी विचारतं, "आपण काहीच करणार नाही का?" करायला हवंच. पण पहिल्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. घाईघाईनं पत्रक निघतं. त्यात सात-आठ मागण्या असतात आणि त्यातली एकही विद्यापीठाच्या हातातली नसते. मोर्चा निघतो, फोटो फिरतात, तिसऱ्या आठवड्यात माणसं पांगतात. चूक तळमळीत नसते, क्रमात असते. आधी अभ्यास, मग मागणी, मग खुली चर्चा, आणि गरज पडली तर त्यानंतर निदर्शनं, असा क्रम धरला तर तीच माणसं तेवढ्याच वेळात पुष्कळ काही मिळवू शकतात.

पायरी १: प्रश्न वाचून घ्या

पाच ते आठ जणांचा अभ्यासगट करा. यापेक्षा मोठा गट वाचत नाही, नुसता बोलतो. दहा दिवस द्या आणि वाचन वाटून घ्या: एकानं प्रश्नाचा कालक्रम, एकानं करार आणि ठराव, एकानं दोन्ही बाजूंची अधिकृत निवेदनं, एकानं आकडे. प्रत्येकानं दोन पानी टिपण करायचं आणि प्रत्येक विधानापुढे ते कुठून घेतलं हे लिहायचं. पुढे सभेत कुणी "हे कशावरून?" असं विचारलं की हीच टिपणं उपयोगी पडतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आंतरराष्ट्रीय संस्थांबद्दल, म्हणून एवढं पाठच करून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ सदस्य देश आहेत. तिच्या ठरावांना राजकीय आणि नैतिक वजन असतं, पण सदस्य देशांवर ते सहसा बंधनकारक नसतात. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात. ठराव मंजूर व्हायला किमान ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानंही नकाराधिकार वापरला की ठराव पडतो. हेग इथलं आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले खटले चालवतं. त्याच शहरातलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं आहे. ते व्यक्तींवर खटले चालवतं, १९९८ च्या रोम करारातून जन्माला आलं आणि २००२ मध्ये अस्तित्वात आलं. या दोघांची अदलाबदल करून भाषण ठोकणारा वक्ता पहिल्याच प्रश्नाला गारद होतो.

न्यायालयाच्या कागदांतही फरक असतो. अंतरिम आदेश, सल्लागार मत आणि अंतिम निकाल या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अंतरिम आदेश म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. सल्लागार मत बंधनकारक नसतं. 'वंशसंहार' हा शब्द वापरायचा तर १९४८ च्या करारातली व्याख्या समोर ठेवा. त्यात एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि सगळा वाद बहुधा त्या हेतूवरच होतो. शब्द वापरू नका असं म्हणणं नाही. वापरलात तर तो का लागू पडतो हे सांगता आलं पाहिजे.

मृतांच्या आकड्यांना चार प्रश्न विचारा. कुणी मोजले? कोणत्या तारखेपर्यंत? लढणारे आणि सामान्य नागरिक वेगळे मोजलेत का? नावानिशी पडताळलेले आहेत की अंदाज? पत्रकावर आकड्याशेजारी मोजणाऱ्या यंत्रणेचं नाव आणि तारीख छापा. फोटो आणि व्हिडिओ वापरण्याआधी प्रतिमाशोध (चित्र टाकून ते इंटरनेटवर आधी कुठे आलं हे शोधणं) करून तो पहिल्यांदा कधी दिसला ते बघा. जुन्या युद्धाचा फोटो नव्या युद्धाच्या नावावर फिरणं ही रोजची गोष्ट आहे. पत्रकावरचा एक खोटा फोटो उरलेल्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास घालवतो.

पायरी २: हे कोणाच्या हातात आहे?

सगळ्या कामाचा कणा हा आहे. 'युद्ध थांबवा' ही भावना झाली. विद्यापीठाकडे करायची मागणी वेगळी असते: ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला उद्देशून, हो किंवा नाही असं उत्तर देता येईल अशी, आणि मुदत असलेली. कागदावर तीन स्तंभ आखा: आपल्याला काय हवं, ते कोण ठरवतं, ती मंडळी कधी भेटतात. दुसरा स्तंभ भरता येत नसेल तर ती मागणी विद्यापीठासाठी नाही. ती लोकप्रतिनिधीला किंवा सरकारला वेगळ्या पत्रानं पाठवा.

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध अमेरिकी विद्यार्थ्यांनी केलेलं काम या दृष्टीनं अभ्यासावं. वर्णभेद संपवणं कोणत्याही कॉलेजच्या हातात नव्हतं. तिथं व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांत आपला निधी गुंतवायचा की नाही, हे मात्र होतं. हॅम्पशायर कॉलेजनं १९७७ मध्ये गुंतवणूक काढून घेतली. १९८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलसमोर तीन आठवडे ठिय्या दिला आणि त्याच वर्षी विश्वस्तांनी गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं सुमारे ३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीबाबत असाच निर्णय घेतला. पहिल्या कॉलेजपासून इथवर नऊ वर्षं गेली. नव्यानं येणाऱ्यांनी हा कालावधी लक्षात ठेवावा, कारण बहुतेक गट तीन महिन्यांत निकाल न लागल्यानं फुटतात.

विद्यापीठाच्या हातात साधारणपणे काय असतं? निधीची गुंतवणूक आणि तिची माहिती जाहीर करणं, इतर संस्थांशी केलेले करार, विस्थापित विद्यार्थ्यांना आणि अभ्यासकांना जागा व शिष्यवृत्ती, युद्धग्रस्त देशातल्या विद्यार्थ्यांना शुल्कात आणि परीक्षेच्या मुदतीत सवलत, सभागृहांचे नियम. यातली एक मुख्य आणि एक दुय्यम मागणी निवडा. माहिती उघड करण्याची मागणी आधी करणं बहुतेकदा शहाणपणाचं ठरतं. आकडे हातात नसताना 'गुंतवणूक काढा' म्हटलं की "कोणती?" या प्रश्नावर गाडी अडते.

प्रशासनाकडून एक उत्तर हमखास येतं: "संस्था राजकीय भूमिका घेत नाही." त्याला थोर पाठबळ आहे. शिकागो विद्यापीठाच्या समितीनं १९६७ च्या काल्व्हेन अहवालात हाच विचार मांडला. टीका करायची ती विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी. संस्थेनं त्यांना जागा द्यावी, स्वतः पक्ष घेऊ नये. हे तत्त्व वाचून जा, त्याची टिंगल करू नका. त्यात दम आहे. संस्थेनं एक भूमिका अधिकृत केली की वेगळं मत असलेल्याला बोलणं अवघड होतं. म्हणून निषेधाच्या पत्रकाची मागणी सहसा सर्वांत कमकुवत ठरते, आणि एखादा करार रद्द करा किंवा वीस जागा राखून ठेवा यासारखी ठोस मागणी तटस्थतेच्या उत्तरानं टाळता येत नाही.

पायरी ३: खुली वादसभा घ्या

मोर्चाआधी सभा घेण्याचं कारण व्यावहारिक आहे. कॅम्पसवरचे बहुसंख्य विद्यार्थी ना तुमच्या बाजूचे असतात ना विरोधातले, त्यांना विषय नीट माहीत नसतो. १९६५ च्या मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अध्यापकांनी व्हिएतनाम युद्धाविरोधात आधी वर्ग बंद ठेवायचं ठरवलं होतं. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी बेत बदलला. वर्ग चालूच ठेवले आणि २४ तारखेच्या रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत व्याख्यानं आणि चर्चा घेतल्या. सुमारे ३,००० लोक आले. काही आठवड्यांत हा प्रकार अनेक विद्यापीठांत पसरला. संपावरून जे लोक भांडत बसले असते, ते ऐकायला आले.

ठरावाच्या शब्दरचनेवर एक पूर्ण बैठक खर्च करा. ऑक्सफर्ड युनियन या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांच्या वादसभेत ९ फेब्रुवारी १९३३ रोजी 'हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही' हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत झाला. 'कोणत्याही परिस्थितीत' या शब्दांमुळे आक्रमण, स्वसंरक्षण, दुसऱ्याच्या मदतीला जाणं हे सगळं एकाच पोत्यात गेलं, आणि बाहेरच्या जगानं तो एका पिढीचा कौल म्हणून वाचला. चांगल्या ठरावात एक कृती असते, ती करणारी संस्था असते आणि विरुद्ध बाजूनं बोलायला सुज्ञ माणूस तयार होतो. 'क्ष देशाचा निषेध असो' यावर वाद होत नाही. 'या सभागृहाच्या मते विद्यापीठानं क्ष देशातील संस्थांशी असलेले संशोधन करार स्थगित करावेत' यावर दोन तास चर्चा होऊ शकते.

दोन तासांचं वेळापत्रक असं बसतं: प्रास्ताविक आणि नियम ५ मिनिटं, विषयाची पार्श्वभूमी १५ मिनिटं, शक्यतो ज्याला दोन्ही बाजू मान देतात अशा अध्यापकाकडून, चार वक्ते, प्रत्येकी ८ मिनिटं, वक्त्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायला १० मिनिटं, श्रोत्यांचे प्रश्न ४५ मिनिटं, दोन्ही बाजूंचा समारोप प्रत्येकी ४ मिनिटं, शेवटची ५ मिनिटं मतदानाला. पार्श्वभूमी कापून वक्त्यांना वेळ वाढवून देण्याचा मोह होतो. तसं केलं की वक्ते आपापल्या सोयीची पार्श्वभूमी सांगत बसतात आणि मूळ मुद्द्यावर कुणी येतच नाही.

विरोधी बाजूचा वक्ता त्या बाजूच्या लोकांनी निवडायचा. संयोजकांनी मुद्दाम कच्चा वक्ता आणला तर ते सभागृहाला पाच मिनिटांत कळतं आणि पुढच्या वेळी दुसरी बाजू येतच नाही. ठराव, वेळ, सूत्रसंचालकाचं नाव आणि नियम दोन्ही बाजूंना किमान सात दिवस आधी लेखी द्या.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले तर भाषणं टळतात, पण जिवंतपणा जातो. मधला मार्ग बरा: निम्मे प्रश्न चिठ्ठीवर, निम्मे माइकवर. माइक स्वयंसेवकाच्या हातात राहतो, विचारणाऱ्याच्या हाती जात नाही. ही एकच गोष्ट पाळली तरी अर्धे तंटे मिटतात. प्रश्नाला ४५ सेकंद आणि उत्तराला ९० सेकंद धरले की ४५ मिनिटांत कागदावर २० प्रश्न बसतात, प्रत्यक्षात १५ होतात. बाजू आलटूनपालटून घ्या.

गोंधळ घालणाऱ्यांसाठीचा नियम सुरुवातीलाच मोठ्यानं वाचून दाखवा. क्षणभराची हुर्यो किंवा मागच्या भिंतीशी कुणाचं डोकं न अडवता धरलेला फलक चालेल. वक्त्याला बोलताच येऊ नये इतका आरडाओरडा चालणार नाही. पहिल्या वेळी सूचना. दुसऱ्या वेळी घड्याळ थांबवून गेलेला वेळ वक्त्याला परत. तिसऱ्या वेळी बाहेर जाण्याची विनंती, आणि ती संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्यानं करायची, विद्यार्थ्यांनी एकमेकांना नाही. हे तिन्ही टप्पे तुमच्या बाजूच्या लोकांनाही लागू आहेत. सूत्रसंचालकाची परीक्षा तिथेच होते.

मतदान सभेआधी आणि सभेनंतर असं दोनदा, गुप्त चिठ्ठीनं घ्या. किती जण बाजूनं आहेत यापेक्षा किती जणांचं मत हललं हे कळणं जास्त मोलाचं आहे. निकाल जाहीर करताना उपस्थितांची संख्याही सांगा. दीडशे जणांच्या मताला 'विद्यापीठाचा कौल' म्हणू नका.

सगळ्याच्या वर एक नियम आहे, त्याला अपवाद नाही. ज्या देशाबद्दल वाद आहे त्या देशाच्या, धर्माच्या किंवा वंशाच्या विद्यार्थ्याला त्याच्या सरकारच्या कृत्याचा जाब विचारायचा नाही. सभेत नाही, वर्गात नाही, खानावळीतही नाही. त्याला बोलायचं असेल तर जागा द्या, बोलायचं नसेल तर त्या मौनाचा अर्थ लावू नका. अशा विद्यार्थ्यांना कॅम्पसवर भीती वाटू लागली, तर तुमची मागणी कितीही न्याय्य असो, ती तिथेच संपली असं समजा.

पायरी ४: सह्या

एका कागदावर एकच मागणी. वरती ती पूर्ण छापलेली, खाली नाव, विभाग, वर्ष आणि सही. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी आणि बाहेरचे लोक यांचे कागद वेगळे ठेवा, कारण प्रशासन पहिला प्रश्न "यातले आमचे किती?" हाच विचारतं. दुबार सह्या आपणच काढून टाका. प्रशासनानं शोधल्या तर उरलेल्या सगळ्यांवर संशय येतो.

मूळ कागद दोघांच्याच ताब्यात असावेत. परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर किंवा मायदेशातल्या कुटुंबावर सहीचा परिणाम होऊ शकतो, म्हणून सही घेण्याआधी ही यादी कोण पाहणार हे स्पष्ट सांगा. यादी इंटरनेटवर टाकू नका. अधिकाऱ्यासमोर मोजून दाखवा, प्रत देऊ नका. दिलीच तर फक्त ज्यांनी तशी परवानगी दिली त्यांची द्या.

पायरी ५: निदर्शनं

लेखी निवेदन दिलं, मुदत गेली, उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली, तर निदर्शनं. त्याआधी संस्थेचे नियम मुळातून वाचा: परवानगी कुठे लागते, ध्वनिक्षेपक कधी चालतो, इमारतीत बसायला बंदी आहे का, शिस्तभंगाची कारवाई कोण करतं. नियम मोडायचा निर्णय घ्यायचाच असेल तर तो प्रत्येकानं परिणाम जाणून स्वतः घ्यायचा असतो. गर्दीच्या भरात पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यात ओढणं हा विश्वासघात आहे. कारवाई होऊ शकेल अशा कृतीत सामील होणाऱ्यांची आदल्या दिवशी स्वतंत्र बैठक घ्या आणि ज्याला मागे राहायचं त्याला एक शब्दही न बोलता जाऊ द्या.

तयारी किती लागते हे अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरावरून कळतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथल्या एका दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्याआधी त्यांनी त्याच दुकानात किरकोळ वस्तू विकत घेऊन पावत्या जपून ठेवल्या होत्या. आमचे पैसे इथे चालतात, मग आम्ही का नाही, हा सवाल कागदासकट तयार होता. जुलैअखेर तो काउंटर सर्वांना खुला झाला. नॅशव्हिल शहरात असाच ठिय्या देणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर आधीचे कित्येक महिने अहिंसक आंदोलनाचे प्रशिक्षक जेम्स लॉसन यांच्या कार्यशाळांत शिव्या आणि मार सहन करण्याची तालीम केली होती. कुणी उलटून मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडेच ठेवायचं, असे त्यांचे लेखी नियम होते. तुम्हीही तालीम घ्या. दोघांनी डिवचायचं, बाकीच्यांनी शांत राहायचं, दहा मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं, तिसऱ्या मिनिटाला कुणाचा ना कुणाचा आवाज चढतोच.

दर २० ते २५ लोकांमागे एक स्वयंसेवक ठेवा, त्याला ओळखू येईल असा पट्टा द्या. रुग्णवाहिकेची वाट, बाहेर पडण्याची दारं आणि चाकांच्या खुर्चीसाठीचे उतार मोकळे ठेवा. परीक्षा सुरू असलेल्या इमारतीजवळून जाऊ नका. सुरू होण्याइतकीच संपण्याची वेळ जाहीर करा, आणि त्या वेळेला खरोखर संपवा. बहुतेक बाचाबाची अधिकृत कार्यक्रम संपल्यावर रेंगाळलेल्या पन्नास जणांत होते. ४ मे १९७० रोजी अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैनिकी दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले, त्यातले दोघे निदर्शनात सहभागी नव्हते. सशस्त्र दल समोर असेल तर ये-जा करणाऱ्यांचीही जबाबदारी आपल्यावर येते. शंका आली की कार्यक्रम आवरता घ्या, दुसरी तारीख ठरवा.

घोषणा आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणून बघा. सरकार, धोरण, निर्णय आणि संस्था यांच्यावर घोषणा चालते. जनसमूहावर, धर्मावर, मृत्यूवर चालत नाही. दोन अर्थ निघणारी घोषणा असेल तर विरोधक वाईट अर्थच घेणार हे गृहीत धरा आणि ती बदला. माध्यमांशी बोलायला दोघे नेमा, बाकीच्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवायचं.

पायरी ६: वाटाघाटी

प्रशासनानं बोलावलं की तिघांनी जावं आणि चौथ्यानं फक्त नोंदी घ्याव्यात. जाण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवा: काय मिळालं तर आंदोलन मागे, काय मिळालं तर स्थगित, आणि कोणत्या गोष्टीवर हे तिघे स्वतःच्या अधिकारात होकार देऊ शकत नाहीत. "विचार करू" हे उत्तर नाही. विचारा: कोणत्या समितीत, कोणत्या तारखेच्या बैठकीत, विषयपत्रिकेवर कोण ठेवणार, आम्हाला बोलायला किती मिनिटं? त्याच संध्याकाळी बैठकीत काय ठरलं याचा ईमेल पाठवा आणि काही चुकलं असल्यास दोन दिवसांत कळवा असं लिहा. पुढे शब्द फिरवला गेला तर हाच कागद कामी येतो.

अर्धी मागणी मान्य झाली की गटात फूट पडते. काहींना तो विजय वाटतो, काहींना फितुरी. म्हणून स्वीकारायचं की नाही याचा निर्णय सर्वसाधारण सभेत मतदानानं घ्या, बंद खोलीत तिघांनी नाही. मिळालेलं घ्या, जाहीर करा, उरलेल्याची पुढची तारीख त्याच सभेत ठरवा.

विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात आणि प्रशासन ते जाणून असतं, कित्येकदा फक्त वाट बघतं. त्यावर उपाय म्हणजे हस्तांतराची फाइल: मागणीचे सगळे मसुदे, अभ्यासटिपणं, प्रत्येक बैठकीचा ईमेल, कोणत्या समितीत कोण बसतं आणि ती कधी भेटते याची नोंद, सभेचं वेळापत्रक, खर्चाचा हिशेब आणि काय फसलं याचं एक पान. ही फाइल शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी, किमान दोन महिने सोबत काम केलेल्या दोघांच्या हाती द्या. सह्यांचे कागद मात्र त्यात ठेवू नका. मागणीचा निकाल लागल्यावर ते नष्ट करा आणि नष्ट केल्याचं सही करणाऱ्यांना कळवा.